ॲटॅक्सिया असलेल्या माणसाला भेट काय द्यावी? पर्याय समोरासमोर

ॲटॅक्सिया असलेल्या कुणाचा वाढदिवस जवळ आला की नातेवाईक आणि मित्र एकच प्रश्न विचारतात: "काहीतरी उपयोगाचं द्यायचंय, काय घेऊ?" माझा मोठा भाऊ बरीच वर्षं हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा हा विकार घेऊन जगतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. त्यामागचा जिव्हाळा खरा असतो. पण शोधायला बसलं की 'हात थरथरणाऱ्यांसाठी', 'ज्येष्ठांसाठी', 'पार्किन्सनसाठी' अशा नावांखाली वस्तूंचा ढीग समोर येतो. त्यातल्या बऱ्याच वस्तू ॲटॅक्सियाला लागू पडत नाहीत, काही तर त्रास वाढवतात.

माझी कसोटी साधी आहे. आजाराचं नाव घटकाभर बाजूला ठेवा आणि विचारा, या माणसाला स्वतःच्या हाताने काय करायचं आहे, जे आज दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं? कुणाला शर्टाची बटणं स्वतः लावायची असतात, कुणाला मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहायचं असतं, कुणाला न सांडता कॉफी प्यायची असते. त्या एका कृतीसाठी वस्तू शोधा. अख्ख्या आजाराला पुरेल म्हणून आणलेली वस्तू बहुधा कपाटात जाऊन बसते.

थरथर थरथरीत फरक असतो

ॲटॅक्सियात स्नायूंमध्ये ताकद असते, पण हालचालींचा ताळमेळ जातो. बहुतेक वेळा बिघाड अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत असतो. हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, कोणत्या स्नायूने कुणाला कधी आवरायचं हा हिशोब तिथे होतो. तो चुकला की हात पेल्याच्या पलीकडे जातो किंवा अलीकडेच थांबतो. पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने ही लक्षणं बारकाईने नोंदवून ठेवली.

पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना थरथरतो आणि काही उचलायला गेलं की थरथर पुष्कळदा कमी होते. ॲटॅक्सियात याच्या उलट होतं. हात स्वस्थ असताना शांत असतो आणि लक्ष्याच्या जवळ जाताना थरथरू लागतो. ही थरथर संथ असते, सेकंदाला साधारण ५ पेक्षा कमी झोके, पण ते झोके मोठे असतात. खोक्यावर 'थरथरीवर उपयुक्त' असं लिहिलं असेल तर ते कोणत्या थरथरीबद्दल आहे, हे म्हणूनच आधी पाहावं लागतं.

शिवाय ॲटॅक्सिया हा एकच आजार नव्हे. निकोलाउस फ्रीडराइख या जर्मन डॉक्टरांनी १८६३ मध्ये ज्याचं वर्णन केलं, तो फ्रीडराइख ॲटॅक्सिया सहसा शाळकरी वयात सुरू होतो. त्याच्यासोबत हृदयाच्या स्नायूचा विकार, पाठीच्या कण्याचा बाक आणि काहींना मधुमेहही येतो. स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सियाचे ४० हून अधिक प्रकार माहीत आहेत आणि ते बहुधा मोठेपणी उघड होतात. पक्षाघात, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, ई किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही ॲटॅक्सिया होतो. म्हणून काहीही घेण्याआधी घरच्या माणसाला तीन गोष्टी विचारून ठेवा: हृदयात पेसमेकरसारखं काही बसवलं आहे का, गिळताना ठसका लागतो का, आणि आजार दर वर्षी पुढे सरकणारा आहे की आहे तिथे थांबलेला. पुढच्या प्रत्येक निवडीत या उत्तरांचा उपयोग होतो.

जड चमचा, इलेक्ट्रॉनिक चमचा की न घसरणारी मॅट

भेटवस्तू शोधणाऱ्याला सगळ्यांत आधी चमचेच दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर.

जड चमच्याचं तत्त्व सरळ आहे. वजनामुळे हाताचा झोका लहान होतो. काहींना पहिल्या घासापासून फरक जाणवतो. काहींचा हात मात्र निम्म्या जेवणात भरून येतो, आणि दमलेला हात जास्त थरथरतो. ज्यांचे स्नायूही अशक्त झाले आहेत त्यांच्यासाठी जड चमचा नकोच. फ्रीडराइख ॲटॅक्सियात पुढे पुढे तसं होतं. मनगटाला बांधायच्या वजनी पट्ट्यांचंही हेच. ते वजन उपयोगी आहे की ओझं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, समोर बसवून चटकन सांगू शकतात.

इलेक्ट्रॉनिक चमच्यात सेन्सर आणि छोट्या मोटरी असतात. हात डावीकडे गेला की चमच्याचं टोक उजवीकडे वळतं. ही रचना पार्किन्सन आणि इसेन्शियल ट्रेमर (काम करताना हात थरथरण्याचा एक वेगळा विकार) यांमधल्या थरथरीसाठी केलेली आहे. ॲटॅक्सियाचे मोठे झोके पुष्कळदा तिच्या आवाक्याबाहेर जातात. आणि खरी अडचण नेमाची असते. चमच्याचं टोक स्थिर राहिलं, तरी तोंडाऐवजी गालाकडे निघालेला हात चमचा वळवून आणू शकत नाही. त्यात तो महाग, चार्ज करावा लागतो, धुताना जपावा लागतो. आधी वापरून पाहायला मिळत असेल तरच विचार करा, न बघता मागवू नका.

त्या मानाने ताटाखाली घालायची रबरी किंवा सिलिकॉनची मॅट आणि उभ्या काठाचं ताट ही जोडी फारच साधी दिसते. मी मात्र पहिली पसंती तिलाच देते. ताट घसरत नाही, घास काठाशी दाबून चमच्यात घेता येतो, दुसरा हात मोकळा राहतो आणि नवं काही शिकावं लागत नाही. जेवताना कोपर टेबलावर टेकलेलं असलं तर हात आणखी स्थिर होतो, म्हणून टेबल-खुर्चीची उंची जुळवून देणं हीसुद्धा चांगली भेट ठरते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. एका माणसापुढे वेगळं, दवाखान्यात दिसतं तसं पांढरं प्लॅस्टिकचं ताट आलं की टेबलावरचे सगळे डोळे तिकडे वळतात. उभ्या काठाची ताटं छान रंगात, चिनी मातीतही मिळतात. घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांसाठी सारखीच घ्या.

पेला निवडताना

झाकणाचा दोन कानांचा मग, स्ट्रॉ असलेली बाटली, आणि नाकाला जागा सोडून वरचा काठ खोलगट कापलेला पेला, असे तीन पर्याय सहसा समोर येतात. निव्वळ सांडण्याचा प्रश्न असेल तर पहिला उत्तम. दोन्ही हातांनी धरला की झोके कमी होतात, आणि मग रुंद बुडाचा असला तर टेबलावर ठेवताना कलंडत नाही. तोंडाला लावायचा भाग लहान मुलांच्या बाटलीसारखा नसावा. प्रवासी मग म्हणून विकले जाणारे झाकणाचे मग मोठ्या माणसाच्या हातात शोभतात.

गिळताना ठसका लागत असेल तर प्रश्नच बदलतो. स्ट्रॉने काहींना सोपं जातं, तर काहींच्या तोंडात एकदम मोठा घोट येतो आणि तो श्वासनलिकेकडे जातो. कापलेल्या पेल्याने मान मागे न टाकता पिता येतं, आणि हनुवटी खाली ठेवून गिळायला सांगितलेल्यांना तो सोयीचा पडतो. अशा वेळी स्पीच थेरपिस्टने (बोलण्याबरोबर गिळण्यावरही उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) काय सुचवलं आहे ते विचारा आणि तेच घ्या. इथे स्वतःच्या अंदाजाने खरेदी करू नका.

काठी, दोन पोल की रोलेटर

काठी दिली की आधार झाला, असा सर्वसाधारण समज असतो. ॲटॅक्सियात एक काठी फारसा भार पेलत नाही. ती प्रत्येक पावलाला योग्य जागी टेकवावी लागते आणि नेमकं तेच जमत नसतं. दोन पायांचा ताळमेळ राखताना तिसऱ्याचाही राखावा लागतो. तरीही काठीचा एक वेगळा उपयोग आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. झोकांड्या देत चालणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला अनोळखी लोक दारू प्यालेला समजतात. ॲटॅक्सिया असलेल्या कितीतरी जणांनी हा अपमान सोसलेला असतो. हातात काठी दिसली की लोक जरा थांबून बघतात, वाट देतात. याच कारणासाठी काही जण आजाराचं नाव आणि दोन ओळींची माहिती असलेलं कार्ड खिशात बाळगतात. असं कार्ड नीट छापून, चांगल्या पाकिटात घालून देणं ही फार विचारी भेट आहे, अर्थात त्या माणसाला ते हवं असेल तर.

दोन्ही हातांत धरायचे ट्रेकिंगचे पोल सुरुवातीच्या काळात काठीपेक्षा बरे पडतात. आधार दोन्ही बाजूंना मिळतो, पाठ ताठ राहते आणि बघणाऱ्याला फिरायला निघालेला माणूस दिसतो. मनगटात अडकवायचे पट्टे मात्र काढून टाकावेत. पडताना हात मोकळा असलेला बरा.

रोलेटर, म्हणजे दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलत चालायचा चार चाकांचा आधार, हा पुढचा टप्पा. जाहिरातीत त्याचा हलकेपणा गुण म्हणून सांगतात. ॲटॅक्सियात तोच दोष ठरू शकतो. हलका रोलेटर शरीराच्या झोक्याबरोबर भरकटतो, जरा वजनदार असलेला जागेवर राहतो. ब्रेककडे तर आणखी बारकाईने बघा. नेहमीच्या रोलेटरला थांबवायला ब्रेक दाबावा लागतो, म्हणजे तोल जाण्याच्या क्षणी हाताने वेगाने आणि अचूक काम करायला हवं. काही रोलेटरमध्ये उलट सोय असते. ब्रेक दाबला तरच चाकं फिरतात, सोडला की थांबतात. काहींना चाकांचा वेग आवरून धरणारी कळ असते. ॲटॅक्सियासाठी या दोन सोयी टोपली आणि आसनापेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत. उंचीचा साधा नियम असा: माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा मनगटाच्या वळीपाशी मूठ यावी.

या तिन्हींपैकी काहीही अचानक आणून समोर ठेवू नका. पहिली काठी किंवा पहिला रोलेटर स्वीकारणं मनाला जड जातं, आणि तो निर्णय त्या माणसाचाच असायला हवा. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन दोन-तीन प्रकार चालवून बघण्याचा खर्च तुम्ही उचलू शकता. रोलेटर आधीच घरात असेल, तर त्याला लावायची पिशवी, पेला ठेवायची जागा किंवा छोटा दिवा द्या. या वस्तू रोज कामाला येतात आणि कुणाचं मन दुखावत नाहीत.

बुटांचंही थोडं ऐका. जाड, गुबगुबीत तळ पायाला सुखद वाटतो, पण पायाखालच्या जमिनीचा अंदाज बोथट करतो. पातळसर, घट्ट, रुंद तळाचे आणि टाच धरून ठेवणारे बूट बरे. फ्रीडराइख ॲटॅक्सियात तळपायाची कमान उंच असते आणि नेहमीचे बूट वर दाबतात, त्यामुळे माप न घेता बूट देणं टाळा. त्याऐवजी ताणल्या जाणाऱ्या, पुन्हा बांधाव्या न लागणाऱ्या लेस द्या. आवडीचे बूट तेच राहतात, फक्त वाकून गाठ मारायची कटकट जाते.

चुंबकी बटणं की वेल्क्रो

चुंबकी बटणांचा शर्ट दिसायला नेहमीच्या शर्टासारखा असतो. वरून बटणं शिवलेली, आत चुंबक. दोन्ही कडा जवळ आणल्या की शर्ट आपोआप बंद होतो. समारंभात नीटनेटकं दिसायची आवड असलेल्या माणसासाठी याहून सुंदर कपडा मला माहीत नाही. वेल्क्रो करकर आवाज करतो, त्यात धागे अडकतात आणि काही धुण्यांनंतर त्याची पकड सैलावते.

पण इथे एक अट आहे आणि तिला अपवाद नाही. छातीत पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेला असेल तर चुंबकी शर्ट देऊ नका. डिफिब्रिलेटरवर चुंबक आला की जीव वाचवणारा झटका देण्याचं त्याचं काम थांबू शकतं, आणि शर्टाची बटणं बरोबर छातीवरच असतात. अशा उपकरणांपासून चुंबक किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवायला सांगतात. फ्रीडराइख ॲटॅक्सियात हृदयविकार इतका वारंवार आढळतो की हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. चुंबकी कडीच्या गळ्यातल्या माळा आणि चुंबकी फ्लॅपच्या खिशातल्या वह्या यांनाही हेच लागू. उपकरण असेल तर वेल्क्रो, किंवा डोक्यातून घालायचा, चांगल्या सुताचा, रुंद गळ्याचा सदरा घ्या.

बोलून लिहावं की बोटांनी

"हात चालत नाही ना, मग बोलून टाइप कर की," असं सगळेच सुचवतात. पण ॲटॅक्सिया जिभेलाही होतो. उच्चार जड होतात, शब्द तुटक तुटक, एकेक अक्षर सुटं पडल्यासारखे येतात, आवाज मध्येच चढतो किंवा पडतो. बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर बहुतांशी नेहमीच्या उच्चारांवर शिकलेलं असतं, म्हणून ते अडखळतं. दिवा लावणं, गाणं सुरू करणं अशा छोट्या, ठरलेल्या आज्ञा आमच्या भावाच्या पकडल्या जातात. त्याचं लांब वाक्य मात्र असं काही उमटतं की दुरुस्त करण्यातच तो दमून जातो. बोलका स्पीकर घ्यायच्या आधी तुमच्याच फोनवर त्या माणसाला थोडा वेळ बोलून बघायला सांगा. तेवढ्यात उत्तर मिळतं.

दुसरीकडे आहे की-गार्ड. कीबोर्डवर बसणारी, प्रत्येक कळेसाठी एक भोक असलेली जाड पट्टी. हात तिच्यावर निर्धास्त टेकवता येतो आणि बोट हव्या त्या भोकात घातल्याशिवाय कळ दाबली जात नाही. बोलणं अस्पष्ट पण बोटांत जोर शाबूत, अशा माणसासाठी मी डोळे मिटून की-गार्ड निवडेन. फक्त तो कीबोर्डच्या अचूक मॉडेलचाच लागतो, म्हणून कीबोर्ड आणि गार्ड एकत्र घेणं सोपं. माउसऐवजी मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉलही उपयोगी. तो जागेवर राहतो, हात तेवढा गोळा फिरवतो, आणि बाण नेमक्या जागी आणून मग वेगळ्या बटणाने क्लिक करता येतं.

पैसे न लागणारी भेटही इथे आहे. संगणकात कळ थोडा वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटावं, किंवा तीच कळ चुकून लागोपाठ दोनदा दाबली गेली तर दुसरी वेळ धरू नये, अशी सेटिंग्ज असतातच. फोनमध्येही स्पर्श किती वेळ टिकला तर तो खरा मानायचा हे ठरवता येतं. ही सेटिंग्ज कुठे आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एक निवांत दुपार काढा, शेजारी बसा, आकडे कमी-जास्त करत त्या माणसाच्या हाताला जुळवून द्या. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक चमच्याच्या किमतीपेक्षा त्या दुपारचं मोल जास्त आहे.

वाचनाचं थोडक्यात. ॲटॅक्सियात पुष्कळांचे डोळे आपोआप हलत राहतात, ओळ नाचते. मोठ्या अक्षरांचं ई-रीडर काहींना पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी श्राव्य पुस्तकांची वर्गणी घ्या.

आणि आवाजाविषयी एक नाजूक गोष्ट. बोलणं हळूहळू जाणार असेल, तर आज स्वतःच्या आवाजातली वाक्यं ध्वनिमुद्रित करून पुढे यंत्राला त्याच आवाजात बोलायला लावता येतं. याला व्हॉइस बँकिंग म्हणतात. आवाज स्पष्ट आहे तोवरच ते करावं लागतं. हे वाढदिवसाच्या पाकिटात घालून देऊ नका. विषय त्या माणसाने काढला, तर चांगला मायक्रोफोन आणि शांत खोलीची सोय तुम्ही करून देऊ शकता.

पडण्यापासून जपणाऱ्या वस्तू

भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा दांडा, आणि रबरी वाटीने चिकटणारा बार यांत तुलना करायचीच नाही. चिकटणारा बार अंगाचा भार आला की निसटू शकतो, आणि तो निसटतो तेव्हा माणूस त्याच्याच भरवशावर असतो. बार द्यायचा तर बसवून देण्यासकट द्या.

चाहूल लागताच पेटणारे छोटे दिवे ही स्वस्त आणि फार गुणी भेट. पायांकडून येणारी जाणीव कमी झालेली असते तेव्हा माणूस डोळ्यांनी तोल सांभाळतो, अंधारात तो आधार सुटतो. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात ती रोम्बर्ग चाचणी याच गोष्टीवर उभी आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर दिवे लावून द्या.

पडल्याचं ओळखून मदत बोलावणारं घड्याळ की गळ्यातलं बटण? पडल्यावर घड्याळ आपणहून फोन लावतं, ही त्याची मोठी बाजू. पण वेड्यावाकड्या हालचालींमुळे ते खोट्या सूचनाही देतं, आणि "मी ठीक आहे" हे छोट्या पडद्यावर टिचकी मारून सांगणं थरथरत्या बोटाला अवघड. गळ्यातलं मोठं बटण दाबायला सोपं, मात्र शुद्ध हरपली तर निरुपयोगी. एकटं राहणाऱ्यासाठी मी घड्याळ निवडेन, घरात माणसं असतील तर बटण.

व्यायाम आणि मजा

तोलाचा व्यायाम ॲटॅक्सियात खरोखर उपयोगी पडतो, म्हणून लोक हौसेने बॅलन्स बोर्ड किंवा उड्या मारायची जाळी आणतात. आधाराशिवाय या दोन्ही वस्तू धोक्याच्या. पाठीला टेकण असलेली, बसून चालवायची व्यायामाची सायकल त्यापेक्षा निर्धोक आहे. घराबाहेर जायची ओढ असेल तर पाठ टेकून चालवायची तीनचाकी. फ्रीडराइख ॲटॅक्सिया असलेल्या काइल ब्रायंट या अमेरिकन तरुणाने २००७ मध्ये अशाच तीनचाकीवरून सॅन डिएगोपासून मेम्फिसपर्यंतचा प्रवास केला. दोन चाकांवर तोल राहत नव्हता, तीन चाकांवर अर्धा देश ओलांडता आला.

मुलांसाठी आणि तरुणांसाठी अंगाच्या हालचालींनी खेळायचे व्हिडिओ गेम चांगले. जर्मनीत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १० जणांनी आठ आठवडे असे खेळ खेळले आणि त्यांच्या तोलात, हालचालींच्या ताळमेळात सुधारणा दिसली. हातात बारीक बटणं धरायला लावणारे खेळ मात्र चिडचिड वाढवतात. बैठ्या खेळांत पत्ते उभे धरणारा लाकडी स्टँड आणि सोंगट्या खाचेत बसतील असा पट शोधा.

हे टाळाच

सैल गालिचा आणि मागून उघड्या सपाता, कारण पाय अडकतो. वजनदार पांघरूण, कारण अंथरुणात कूस बदलणं आधीच कष्टाचं असतं. मेणबत्त्या आणि नाजूक काच. मद्य, कारण ते लहान मेंदूवरच घाव घालतं आणि ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला थोडंसंही भारी पडतं. खाऊचा डबा देण्याआधी ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) चालतं का ते विचारा. ॲटॅक्सियाचा एक प्रकार ग्लुटेनमुळेच उद्भवतो आणि तिथे पथ्य कडक असतं.

'मज्जातंतूंसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याही नकोत. बी-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर जाणीव वाहणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते आणि चालणं आणखी बिघडतं. रामबाण उपायांची कात्रणं आणि तेलं यांनीही मन थकतं. फ्रीडराइख ॲटॅक्सियासाठी ओमाव्हेलॉक्सोलोन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये १६ वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. खरी बातमी असते ती अशी येते, आणि रुग्णापर्यंत ती तुमच्या आधी पोहोचलेली असते.

वस्तू की वेळ, आणि देण्याची रीत

महाग वस्तू आणि तुमचा वेळ यांत निवड करायची असेल, तर दर आठवड्याचा ठरलेला एक तास मी वर ठेवीन. व्यायामाच्या वेळी शेजारी उभं राहणं, गाडीतून मैफलीला नेणं, कपाटं अशी लावून देणं की रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर येतील. "काही लागलं तर सांग" म्हटलं की मागायचं ओझं त्याच माणसावर पडतं. "मंगळवारी पाचला येतो" हे जास्त उपयोगी.

ग्रॅब बार किंवा न्हाणीघरातली खुर्ची वाढदिवसाला देऊ नका. ती कुठल्याही साध्या दिवशी, बोलून, ठरवून आणा. वाढदिवसाला त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी असू द्या, आणि ते त्याच्या हाताला जमेल एवढं बघा: संगीत, अत्तर, रोपटं, आवडत्या खेळाच्या सामन्याचं तिकीट. तिकीट काढताना जिन्याला कठडा आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का, हे आधी फोन करून विचारून ठेवा.

शेवटी वेष्टन. चिकटपट्टीने गच्च आवळलेलं खोकं सगळ्यांसमोर उघडायला देणं फार कठीण प्रसंग असतो. मोठी, उघड्या तोंडाची कापडी पिशवी घ्या. वस्तू कारखान्याच्या प्लॅस्टिकमधून आधीच बाहेर काढा, चार्ज करा, जुळवून ठेवा. पावती आत टाका आणि परत करण्याची मुदत किती आहे तेही सांगा, म्हणजे वस्तू हाताला जमली नाही तर तसं मोकळेपणाने म्हणता येईल.